कंठातलं विष

राग गिळला म्हणून तो जिरत नाही. कुणाला माफ करायचं, तर आधी कुणाची तरी सोबत लागते. ती सोबत आज फोनच्या पडद्यावरही मिळू शकते. फक्त ती पारखून घ्यायला हवी.

तामिळनाडूत कुंभकोणमहून कारैकालच्या दिशेनं निघालं, की भातशेतीच्या हिरव्या पट्ट्यात तिरुनीलक्कुडी नावाचं छोटं गाव लागतं. गावात नीलकंठेश्वराचं प्राचीन देऊळ आहे. सातव्या शतकातल्या अप्पर या शैव संतानं या देवावर पदं रचली आहेत. इथल्या शिवलिंगावर तिळाच्या तेलाचा अभिषेक होतो. कितीही तेल ओतलं तरी ते पाषाणात मुरून जातं, अशी भाविकांची श्रद्धा आहे. समुद्रमंथनातलं हलाहल देवानं कंठात धरलं, त्याचा दाह शमावा म्हणून हे तेल, अशी त्यामागची कथा.

विष गिळलंही नाही आणि थुंकलंही नाही, कंठातच धरून ठेवलं. शंकराला ते शोभलं. पण आपल्यातले कितीतरी जण हेच करत असतात आणि त्यांच्यावर तेल ओतणारं कुणी नसतं.

वडील गेल्यावर भावानं परस्पर सातबाऱ्यावर नाव चढवून घेतलं, त्याला वीस वर्षं झाली. जाऊबाईंनी भर लग्नात चारचौघांत केलेला अपमान अजून कानात वाजतो. नवऱ्यानं एकदा विश्वास मोडला; संसार पुढे चालू आहे, पण फोन वाजला की पोटात गोळा येतो. लहानपणी वडिलांनी पट्ट्यानं मारलं. आता ते थकलेत, त्यांची औषधं वेळेवर द्यायची आहेत आणि देताना हात थरथरतो. अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणायला सगळे असतात. ते कसं मिळवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

दोन भावांची गोष्ट

तिरुनीलक्कुडीचा हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतलं आणि भोसल्यांचं राज्य तिथे १८५५पर्यंत टिकलं. त्या काळात गेलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही तंजावर-कुंभकोणम भागात आहेत. घरात ते आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलतात आणि बाहेर तमीळ.

या राज्याच्या आरंभीच दोन भावांमधला एक मोठा तंटा आहे. शहाजीराजे १६६४मध्ये वारले. त्यांची कर्नाटकातली जहागीर आणि संपत्ती व्यंकोजींकडे राहिली. शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, जुलै १६७७मध्ये, धाकट्या सावत्र भावाला भेटीला बोलावलं आणि वडिलार्जित संपत्तीतला अर्धा वाटा मागितला. तिरुमलवाडीच्या मुक्कामी भेट झाली, बोलणी फिसकटली. एका रात्री व्यंकोजी गुपचूप निघाले आणि कोळ्ळिडम नदी ओलांडून तंजावरला गेले. पुढे त्याच वर्षी दोघांच्या फौजांत लढाई झाली. व्यंकोजींचा पराभव झाला.

मग समेट झाला. त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी पतीची समजूत घातली असं सांगतात. महाराजांनी तहात बंगळूरचा प्रदेश दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. वाटणी झाली, कागद झाला, तंटा मिटला.

पण मन मिटलं नव्हतं. व्यंकोजी उदास झाले. राज्यकारभारात, लष्करात, खाण्यापिण्यातही त्यांचं लक्ष लागेना. मध्यस्थी करणाऱ्या रघुनाथपंत हणमंते यांनी ही गोष्ट महाराजांना कळवली. त्यावर महाराजांनी धाकट्या भावाला लिहिलेलं पत्र इतिहासात प्रसिद्ध आहे. वडिलांनी कोणकोणती संकटं सोसली ते आठवा, विरक्ती धरण्याचं हे वय नव्हे, उदासी टाका, हाती काम घ्या, असा त्याचा आशय. १६८०मध्ये महाराजांचं निधन झालं. त्याच्या काही काळ आधीचं हे पत्र.

या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला असा, की तंटा मिटणं आणि मनातली अढी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटणीपत्रावर सह्या झाल्या म्हणून झोप लागेल असं नाही. दुसरा असा, की मनाला सावरणारा शब्द शेकडो मैलांवरूनही येऊ शकतो. तेव्हा तो जासुदाच्या थैलीतून येत असे. आज तो फोनवर येतो.

फरक मात्र मोठा आहे. महाराज वडील भाऊ होते, त्यांना हुकूम करण्याचा अधिकार होता. शिवाय तंट्यातले एक पक्षही तेच होते. समुपदेशकानं हुकूम करायचा नसतो आणि त्याला त्या भांडणात काही मिळवायचंही नसतं. घरातल्या माणसांपेक्षा त्याचा उपयोग होतो तो यासाठीच. आईला सांगितलं तर ती भावाचीही आई असते. मैत्रिणीला सांगितलं तर गोष्ट फिरून घरी येते.

क्षमा म्हणजे काय नव्हे

या वाटेला जाण्याआधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. क्षमा करणं म्हणजे झालेलं विसरणं नव्हे. समोरच्याचं बरोबर होतं असं म्हणणंही नव्हे. पुन्हा त्याच्या घरी जाणं-येणं सुरू करणं, म्हणजे समेट, ही तर दोघांनी करायची गोष्ट आहे. क्षमा एकट्यालाही करता येते, समोरचा माणूस हयात नसला तरी.

न्यायाची मागणी सोडणं म्हणजेही क्षमा नव्हे. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं यांना जमावानं गाडीतच जाळून मारलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. तरीही खटला चालला, शिक्षा झाल्या. क्षमा त्यांच्या मनाची होती, शिक्षा कायद्याचा विषय होता. म्हणजे भावाला मनातून माफ करून जमिनीचा दावा चालू ठेवता येतो. त्यात ढोंग काही नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी क्षमेचा अभ्यास अनेक वर्षं केला आहे. त्यांच्या पद्धतीत चार टप्पे आहेत. आधी आपल्याला नेमकं काय दुखलं आणि त्या रागानं आपलं काय केलं, हे उघड करायचं. मग क्षमेच्या वाटेनं जायचं का, हे स्वतः ठरवायचं. नंतर समोरच्या माणसाकडे त्याच्या चुकीपलीकडे पाहण्याचं कष्टाचं काम. आणि शेवटी, सोसलेल्या दुःखातून आपल्याला काय हाती लागलं ते पाहायचं. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बालपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या १२ स्त्रियांबरोबर या पद्धतीनं काम केलं गेलं. प्रत्येकीला सरासरी १४ महिने लागले. त्यांच्या मनातलं नैराश्य आणि चिंता कमी झाली. २०१४मध्ये अशा ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातही जास्त काळ चाललेल्या उपचारांचा गुण अधिक दिसला.

म्हणून 'तीन बैठकांत मन मोकळं' अशी जाहिरात दिसली, तर ती वाचून पुढे जावं.

योग्य माणूस कसा शोधायचा?

तिरुनीलक्कुडीसारख्या गावात मानसोपचार करणारा माणूस दाराशी मिळणं कठीण. कोकणातल्या वाडीची किंवा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाची स्थिती फारशी वेगळी नाही. आणि जवळ कुणी असलाच, तर त्याच्या दवाखान्याच्या पायरीवर आपल्याला कुणी पाहील ही भीती असतेच. ऑनलाइन भेटीनं या दोन्ही अडचणी सुटतात. नैराश्य आणि चिंता यांच्या बाबतीत व्हिडिओवरून केलेले मानसोपचार समोरासमोरच्या भेटीइतकेच उपयोगी पडतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मात्र आंतरजालावर जाहिरातींचा पूर आहे, त्यातून निवड करताना काही गोष्टी पाहाव्यात.

सर्वात आधी, समोरचा नेमका कोण आहे? मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि गोळ्या तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही, बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही; चांगला माणूस तो आपणहून सांगतो. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आपल्याकडे बराच काळ कुणीही लावत आलं आहे. २०२१च्या एका केंद्रीय कायद्यानं या क्षेत्रालाही नियमांच्या कक्षेत आणायला सुरुवात झाली. तरी मानसशास्त्र किंवा समाजकार्य यातली पदव्युत्तर पदवी आहे का, कुणाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केलं आहे का, हे विचारून घ्यावं. आठवड्याभराचा अभ्यासक्रम केलेल्या माणसाच्या हाती वीस वर्षांची जखम देऊ नये.

दुसरी गोष्ट भाषेची. भांडण ज्या भाषेत झालं, रडू त्याच भाषेत येतं. 'त्यानं मला टाकून बोललं' किंवा 'माहेर तुटलं' हे इंग्रजीत सांगायला गेलं, की त्यातला अर्धा ओलावा जातो. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातल्या माणसानं आपल्याला मराठी जवळची की तमीळ, हे आधी ठरवावं आणि त्याप्रमाणे ठाणे-पुण्याकडचा किंवा चेन्नईचा समुपदेशक शोधावा. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मुला-सुनांनाही हेच लागू आहे. तिथे मात्र वेळेचा फरक लक्षात घ्यावा आणि त्या देशातल्या व्यक्तीवर उपचार करण्याची या समुपदेशकाला परवानगी आहे का, तेही विचारावं.

तिसरी गोष्ट पैशाची. प्रत्येकाची फी वेगळी असते. एका बैठकीचे किती, बैठक किती मिनिटांची, ऐन वेळी रद्द झाली तर पैसे जातात का, हे सुरुवातीलाच स्पष्ट करावं. दहा बैठकांचे पैसे एकदम भरण्याची घाई करू नये. सवलत मागायला लाजू नये. काही जण सवलतीच्या जागा राखून ठेवतात.

पैसे देणं शक्य नसेल, तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येतं. मराठी आणि तमीळ धरून वीस भाषांत ही सोय आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवाही २०१२पासून फोनवरून आणि ई-मेलवरून समुपदेशन करत आली आहे. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर अशा ठिकाणी केलेला पहिला फोन पुढची वाट दाखवतो.

पहिल्या भेटीत काय विचाराल?

पहिली बैठक ही दोघांनी एकमेकांना पारखण्याची असते. तुम्हीही प्रश्न विचारायचे. कौटुंबिक दुखावलेपणावर आधी काम केलं आहे का? कोणत्या पद्धतीनं? आपलं बोलणं ध्वनिमुद्रित होतं का? टिपणं कुठे राहतात? मध्येच नेट गेलं तर काय करायचं? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तेव्हा तिला अपवाद करता येतो. हे समुपदेशकानं आरंभीच समजावून सांगायला हवं.

आणि एक प्रश्न सर्वात महत्त्वाचा. 'मला माफ करता आलं नाही तर?' याचं उत्तर नीट ऐकावं. 'करावंच लागेल, नाहीतर तुम्हाला शांती नाही' असं म्हणणारा माणूस उपदेशक असतो. 'तो निर्णय तुमचा, आपण आधी काय झालं ते पाहू' असं म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जावं.

पुढच्या बैठकांत काय घडतं? बरंच काही साधं वाटणारं. समोरच्याला उद्देशून पत्र लिहायला सांगतात. ते पाठवायचं नसतं. नेमकं कधी, कुठे, काय घडलं हे सांगायला लावतात, कारण 'तो नेहमी असाच' या वाक्यामागे बहुधा दोन-तीनच प्रसंग लपलेले असतात. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे मराठी वाचकांना परिचित झालेल्या एलिस यांच्या पद्धतीनं काम करणारा समुपदेशक 'त्यानं असं वागायलाच नको होतं' यातला 'च' तपासायला लावील. तसं वागला नसता तर बरं झालं असतं, हे खरं. पण तो वागला, हेही खरं. त्या एका 'च'मध्ये वर्षानुवर्षांचा जागरणाचा हिशेब अडकलेला असतो.

घरातली सोयही पाहायला हवी. एकत्र कुटुंबात एकांत मिळणं अवघड. गच्ची, मैत्रिणीची खोली, घरातली मंडळी बाहेर असतानाची वेळ, काहीतरी ठरवावं. कानात इअरफोन घालावा, म्हणजे समोरचं बोलणं तरी बाहेर जात नाही. आणि बैठक संपल्यावर लगेच स्वयंपाकाला लागू नये. पंधरा मिनिटं तरी स्वतःसाठी ठेवावीत.

क्षमा जेव्हा घातक ठरते

क्षमा हा गुण असला तरी तो सगळीकडे औषध म्हणून चालत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांच्या पहिल्या चार वर्षांचा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचा स्वभाव अधिक माफ करण्याचा होता, त्यांच्या जोडीदारांचं टाकून बोलणं आणि अंगावर हात टाकणं तसंच चालू राहिलं. जे चटकन माफ करत नव्हते, त्यांच्या बाबतीत ते कमी झालं.

आपल्याकडे हे सांगणं फार जरुरीचं आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला 'पदरात घे, माफ कर' म्हणून परत पाठवणारी घरं आजही आहेत. मारहाण चालू असेल तर प्रश्न आधी सुरक्षिततेचा, क्षमेचा नंतर. अशा वेळी १८१ ही महिला मदतवाहिनी किंवा ११२ हा आणीबाणीचा क्रमांक जवळ करावा. आणि घरातल्याच फोनवरून बैठक घेताना तो फोन कुणी तपासत नाही ना, याची खात्री करावी.

जीव नकोसा वाटत असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा रात्रीमागून रात्री झोपच नसेल, तर पडद्यावरच्या भेटीवर विसंबू नये. प्रत्यक्ष डॉक्टरकडे जावं. समुपदेशकानंही तसं सांगायला हवं. न सांगता बैठकांचे पैसे घेत राहणारा माणूस चुकीचा.

स्नेह

वारकरी परंपरेत क्षमेची एक सुंदर आठवण आहे. लोकांच्या कुचेष्टेनं दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईनं बाहेरून त्यांची समजूत घातली. ते ताटीचे अभंग म्हणून ओळखले जातात. तिनं दार फोडलं नाही. ती बाहेर उभी राहून बोलत राहिली आणि दार आतून उघडलं. ऑनलाइन भेटणारा चांगला समुपदेशक साधारण हेच करतो. तो तुमच्या घरात येऊ शकत नाही. कडी तुमच्याच हाताशी असते.

तीळ आणि तेल यांचं आपल्याशीही नातं आहे. संक्रांतीला तिळगूळ देताना आपण वर्षाची कटुता सोडायला सांगतो. 'स्नेह' या शब्दाचा एक अर्थ तेल आणि दुसरा माया. तिरुनीलक्कुडीच्या देवळात तेल एकदम ओतून दाह शमत नाही, म्हणून अभिषेक पुन्हा पुन्हा होतो. मनाचंही तसंच असतं. ज्या नावाचा उच्चार झाला की घास घशात अडकायचा, ते नाव एखाद्या संध्याकाळी सहज निघतं आणि हातातला घास तोंडात जातो. भाऊ तोच असतो, सातबाराही तोच. त्या रात्री मात्र झोप लागते.